सिडनीला गेलेले पत्र

फेब्रुवारी 2016 मध्ये सिडनीच्या दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या जमातीने आपल्या सभासदांना एक पत्र पाठवले. मुलींची खतना करू नका, ऑस्ट्रेलियात नको आणि परदेशी नेऊनही नको, असा त्याचा आशय होता. पाठोपाठ लंडन आणि अमेरिकेतल्या काही जमातींनीही अशीच पत्रे काढली. मुंबईत मात्र असे पत्र निघाले नाही. या समाजाची धर्मसत्ता मुंबईत आहे, सर्वोच्च धर्मगुरू सय्यदना यांचे कार्यालयही इथेच आहे.

सिडनीच्या पत्रामागे एक खटला होता. दोन लहान बहिणींची खतना झाल्याच्या प्रकरणात मुलींची आई, एक निवृत्त परिचारिका आणि स्थानिक धर्मगुरू अशा तिघांना 2015 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या ज्यूरीने दोषी ठरवले होते. पुढे अपिलात ते सुटले. पण 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने स्पष्ट केले, की अगदी बारीकशी चीरही कायद्याने गुन्हाच आहे.

‘बारीकशी चीर’ हाच या प्रथेच्या समर्थकांचा मुख्य बचाव असतो. मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या शिश्निकेवरच्या त्वचेचा तुकडा कापला जातो. आफ्रिकेतल्या काही भागांत होते तशी सगळी बाह्य जननेंद्रिये कापून शिवण्याचा प्रकार इथे नाही, हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र दोन्ही गोष्टी एकाच वर्गीकरणात बसवते आणि यातल्या कशाचाही आरोग्याला काडीचा फायदा नाही, असे बजावते. शिवाय सात वर्षांची पोर हलते, रडते, पाय झाडते. अशा वेळी पाते नेमके कुठे थांबेल याची हमी कोण देणार? आता हे काम काही डॉक्टरही करतात. त्याने जंतुसंसर्गाचा धोका घटेल, पण निरोगी मुलीच्या अंगाला सुरी लावायचे कारण काही सापडत नाही.

बोहरा समाजातल्या मासूमा रानालवी यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे लिहिला आहे. आजीने टॉफी आणि आइस्क्रीमचे आमिष दाखवले आणि नातीला भेंडीबाजाराच्या गल्लीतल्या एका जुनाट इमारतीत नेले. तिथे काय झाले, ते त्यांना कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. 2015 मध्ये त्यांनी या प्रथेविरुद्ध सह्यांची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी आरेफा जोहरी, मारिया ताहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सहियो’ ही संस्था काढली. बायकांनी सांगितलेल्या अशा अनुभवांमध्ये एक गोष्ट पुन्हापुन्हा येते: मुलीला घेऊन जाणारी बाई परकी नसते. आजी, आई नाहीतर मावशी, म्हणजे जिच्या कुशीत मूल निर्धास्त झोपते तीच. घरातल्या पुरुषांना कित्येकदा पत्ताही नसतो. आणि जिने नेले, तिलाही तिच्या लहानपणी असेच कोणीतरी नेलेले असते. तिला खलनायिका ठरवून भागत नाही.

‘सहियो’ने 2017 मध्ये 385 बोहरा स्त्रियांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यातल्या 80 टक्के स्त्रियांची खतना झालेली होती. ही प्रथा पुढे चालू राहू नये, असे 81 टक्के स्त्रियांचे म्हणणे होते. कारणांमध्ये धर्माचा उल्लेख सर्वाधिक होता, पण कामेच्छा कमी व्हावी म्हणून हे करतात, असेही कितीतरी जणींनी सांगितले. जिथे जाहीर बोलणेच निषिद्ध, तिथे असा नमुना संपूर्ण समाजाचे चित्र देत नाही, हे मान्य. तरी तो शून्य नक्कीच नाही.

केंद्र सरकारने मात्र शून्यच मांडले. सुनीता तिवारी यांच्या खतनेविरुद्धच्या जनहित याचिकेत महिला व बालविकास मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की ही प्रथा भारतात असल्याची अधिकृत आकडेवारी नाही. ज्या गुन्ह्याची स्वतंत्र नोंदच होत नाही, त्याची आकडेवारी कुठून येणार? 2018 मध्ये अ‍ॅटर्नी जनरलनी बंदीच्या बाजूने मत मांडले. स्त्रीच्या शरीरावर दुसऱ्या कुणाची सत्ता का चालावी, असे न्यायमूर्तींनीही सुनावणीत विचारले. समर्थक स्त्रियांची संघटनाही न्यायालयात उभी राहिली. हा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आहे, असे तिचे म्हणणे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि पुढे शबरीमलाच्या फेरविचाराला जोडले गेले.

घरातल्या घरात विरोध का होत नाही, याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे. मुंबई राज्याने 1949 मध्ये जातबहिष्काराविरुद्ध कायदा केला. तत्कालीन सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, म्हणजे विरोधकाला बहिष्कृत करण्याचा त्यांचा अधिकार कायम राहिला. बहिष्कृताच्या वाट्याला काय येते? नातलग तुटतात, धंदा बसतो, दफनाचीही अडचण होते. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला खरा, पण पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली भीती राजपत्राने जात नाही.

सेनेगलमध्ये हीच भीती वेगळ्या रूपात होती. ‘तोस्तान’ संस्थेच्या वर्गांत शिकलेल्या मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी 1997 मध्ये ही प्रथा सोडल्याचे जाहीर केले, तेव्हा आजूबाजूला संताप उसळला. देंबा जावारा या वयोवृद्ध इमामाने नेमके दुखणे ओळखले. सोयरिकी गावागावांत होतात, एकट्या गावाने प्रथा सोडली तर त्याच्या मुली कोण करून घेणार? म्हणून हा माणूस नात्यातल्या गावांतून पायी फिरला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये अनेक गावांनी मिळून शपथ घेतली. पुढच्याच वर्षी देशाने कायदा केला. तिथली प्रथा अजून संपलेली नाही, पण एकत्र निर्णय झाला की एकट्या आईवरचा दबाव हलका होतो, हे तिथे दिसले.

बोहरा समाजात तर गावोगाव हिंडायचीही गरज नाही. इथे सत्ता एका ठिकाणी आहे. जून 2016 मध्ये सय्यदनांच्या कार्यालयाने खतना हा धार्मिक संस्कार असल्याचे म्हटले आणि जिथे कायद्याने बंदी आहे, तिथल्या अनुयायांनी कायदा पाळावा, असेही सांगितले. म्हणजे सिडनीत न करून धर्म बुडत नाही. मग मुंबईत कसा बुडेल?

या विषयाचा वापर एखाद्या धर्माला झोडपायला करणारेही पुष्कळ आहेत. भारतातले बहुसंख्य मुसलमान ही प्रथा पाळत नाहीत आणि तिच्याविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या बोहरा बायकाच. त्यांची मागणी साधी आहे: स्पष्ट, स्वतंत्र कायदा. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा आणि दुखापतीची कलमे आजही लावता येतील, असे वकील सांगतात, पण आई-आजीविरुद्ध तक्रार कोण करणार? संदिग्धता राहील तोवर मुंबईच्या जमातीला पत्र काढायचे कारणच नाही. केंद्राने ‘आकडेवारी नाही’ हे उत्तर बाजूला ठेवून खतनाबंदीचे विधेयक संसदेत आणावे आणि ते येईपर्यंत मुंबईतल्या बालरोग व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी आपला एकही सभासद हे काम करणार नाही, असे जाहीर करावे.