पँडोरावरची दुपार

जेम्स कॅमेरॉनच्या ‘अवतार’मधला (२००९) पँडोरा हा ग्रह नव्हे, चंद्र आहे. पॉलिफेमस नावाच्या वायुरूपी महाग्रहाभोवती तो फिरतो. तरंगते डोंगर आणि निळी माणसं बघण्याच्या नादात हे सहज निसटतं. पण चंद्रावर राहायचं म्हटलं की आधी बदलतो तो दिवस.

महाग्रहाजवळच्या मोठ्या चंद्रांना त्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीमुळे कालांतराने एकच बाजू त्याच्याकडे ठेवून फिरावं लागतं. गुरूच्या चारही मोठ्या चंद्रांचं तेच झालं आहे. फुगडी घालताना समोरचा चेहरा हलत नाही, मागचं अंगण तेवढं गरगरतं. तसा तिथल्या आकाशात ग्रह एका जागी ठाम असतो आणि सूर्य-तारे त्याच्यामागून सरकतात. तो उगवत नाही की मावळत नाही. विज्ञानकथांच्या मुखपृष्ठांवर क्षितिजातून वर येणारा महाग्रह देखणा दिसतो, पण अशा चंद्रावर तो साफ खोटा.

गुरूचा आयो घ्या. तिथून गुरू आपल्या चंद्राच्या सुमारे ३९ पट रुंद दिसतो आणि दिवस-रात्र मिळून साडेबेचाळीस तास भरतात. गुरू अगदी डोक्यावर येईल अशा जागी उभे राहा. सूर्योदयाला गुरू अर्धा उजळलेला असतो. मग त्याची कोर बारीक होत जाते आणि भर मध्यान्ही सूर्य त्याच्याआड जाऊन दोन तासांहून जास्त काळोख पडतो. रोज! मध्यरात्री मात्र पूर्ण गुरू तळपत असतो, आपल्या पौर्णिमेच्या शेकडो पट उजेड देत.

आता जागा बदला. गुरू पूर्व क्षितिजाशी दिसतो तिथे ग्रहण सकाळीच उरकतं, पश्चिमेला दिसतो तिथे ते संध्याकाळी लागतं. पृथ्वीवर भर समुद्रात रेखांश काढायला खलाशी अठराव्या शतकापर्यंत झगडले; इथे ग्रह आकाशात कुठे आहे एवढं पाहिलं की झालं. पलीकडच्या अर्ध्या भागात मात्र ग्रहच नाही. ग्रहण नाही, रात्री काळ्याकुट्ट. तिथे जन्मलेल्याला प्रवासाला निघेपर्यंत आपण कुणाभोवती फिरतो याचा पत्ताही लागू नये.

कॅमेरॉनला ग्रहणाची जाण आहे. दुसऱ्या भागातली (२०२२) शेवटची लढाई ग्रहणाच्या अंधारातच होते. मला मात्र पलीकडून आलेला, पॉलिफेमस पहिल्यांदा पाहणारा कुणी पडद्यावर हवा होता. लढायांपेक्षा ते दृश्य मोठं ठरलं असतं.

पँडोराचा सूर्य खरा आहे: अल्फा सेंटॉरी अ. नरतुरंगातला हा ‘मित्र’ तारा मे-जूनच्या रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत दिसतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून त्याच्याभोवती साधारण शनीएवढ्या वस्तुमानाचा वायुरूपी ग्रह असावा, असं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं आहे. त्याला चंद्र आहे का, हा त्यापुढचा प्रश्न.