अंगठा आणि आकलन

कायद्याच्या व्यवहारात ‘संमती’ हा शब्द मोठा साधा वाटतो. पण त्याच्या पोटात शिरले की तो तितकासा साधा राहत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या तेराव्या कलमाने संमतीचे लक्षण सांगितले आहे ते असे, की दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतील, तेव्हाच त्यांची संमती झाली. ‘एकाच अर्थाने’ हे शब्द येथे कळीचे होत. कागद एक, सह्या दोन, आणि अर्थही दोन, असे असेल तर संमती झालीच नाही.

हा प्रश्न आम्हां बडोदेकरांच्या दाराशी येऊन गेलेला आहे. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा एक प्रकल्प आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील बडोदे या जिल्ह्यांत सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा त्यात हात होता. आमच्याकडे डभोई, शिनोर आणि कवांट हे तीन तालुके निवडले गेले, आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना लस टोचण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये काम थांबले. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही, असे चौकशी समितीचे मत पडले. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल सादर केला, त्यातील दुसराच एक हिशेब मनाला बोचतो. गुजरातेतील ६,२१७ संमतिपत्रांपैकी ३,९४४ पत्रांवर अंगठे होते. आंध्रात तर २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या.

कोणी म्हणेल, मजकूर सोपा करा म्हणजे झाले. मजकुराचा सोपेपणा मोजण्याची युक्तीही आहे. रुडॉल्फ फ्लेश याने १९४८ साली इंग्रजीसाठी एक सूत्र मांडले. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चारावयव किती, यांवरून मजकुराची अवघडता ठरवावयाची. चिनी भाषेत हे गणित चालत नाही. तेथे बहुधा एक चिन्ह म्हणजे एकच उच्चार; म्हणून चिन्हातील रेघा किती, ते नेहमीच्या वापरातले की विरळा, असे निराळे माप लावावे लागते. आपल्या भाषांतही परके माप जसेच्या तसे बसणार नाही. ‘दुष्परिणाम’ हा शब्द लांब आणि जोडाक्षरी, तरी तो पुष्कळांना कळतो. उलट ‘तुलनेचा गट’ हे दोन शब्द मुलालाही वाचता येतील. पण त्या गटात पडणाऱ्याला कदाचित खरे औषध मिळणारच नाही, आणि कोण कोठे पडेल हे सोडतीने ठरेल, ही गोष्ट त्या सोप्या अक्षरांत कोठे दिसते? डॉक्टर सुई टोचतो ती आपल्याच भल्यासाठी, हा ज्याचा जन्माचा अनुभव, त्याला हे सुचणारही नाही. माप शब्दांचे घेता येते, समजुतीचे नव्हे. शिवाय ज्याला अक्षरच येत नाही, त्याला लहान वाक्य आणि मोठे वाक्य सारखेच. कवांटच्या राठवा कुटुंबांची तर घरची बोली राठवी. गुजराती ही शाळेची आणि कचेरीची भाषा.

आता एक आक्षेप. आपण मंदिरात संकल्प करतो, तेव्हा पुरोहित संस्कृतात सांगतात आणि आपण ‘करिष्ये’ म्हणून पाणी सोडतो. किती जणांना त्याचा अन्वय लागतो? तो संकल्प खोटा का? नव्हे. तेथे यजमानाला आपण काय करीत आहो हे ठाऊक असते. शब्द कळले नाहीत तरी कर्म कळलेले असते, आणि पुरोहिताचा हेतू यजमानाच्या हेतूहून वेगळा नसतो. संशोधनात मात्र विचारणाऱ्याचा हेतू ज्ञान मिळविण्याचा आणि देह दुसऱ्याचा. तेथे विश्वास पुरत नाही. उलट विश्वास जितका गाढ, तितकी विचारणाऱ्याची जबाबदारी अधिक.

ही जबाबदारी कोणाची, याचे उत्तर आमच्या न्यायालयांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पडदानशीन स्त्रीने दस्तऐवज करून दिला, तर तो तिला समजावून दिला होता आणि तिला समजला होता, हे सिद्ध करण्याचा भार दस्तऐवजाचा लाभ घेणाऱ्यावर असतो. निरक्षरांनाही हा न्याय लागू होत आला आहे. शेतजमिनीच्या कागदाला जी कसोटी लावावयाची, ती लेकीच्या दंडाला का लावू नये? औषधांच्या नियमांनी निरक्षरासाठी निःपक्षपाती साक्षीदार सांगितला आहे, तो याच न्यायाने. पण साक्षीदार वाचल्याची साक्ष देतो, कळल्याची नव्हे.

म्हणून कसोटी एकच. समजावून झाल्यावर त्या माउलीला म्हणावे, “आता तुम्ही मला सांगा, तुमच्या मुलीला काय टोचणार, कशासाठी, आणि नको म्हटले तर काय होईल?” तिच्या बोलीत उत्तर आले तर अंगठाही सहीच्या तोलाचा, न आले तर ठसठशीत सहीही कोरीच. यात वेळ जाईल, संशोधन मंदावेल, हे खरे. लस उपयुक्त असली तरी वेळ वाचविण्याचा अधिकार त्याने मिळत नाही. चांगल्या गोष्टीला तर फसवणुकीची गरजच नसते.

याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, आणि १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ सिद्ध होऊन राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी आदी भाषांतील प्रतिशब्द मिळाले. प्रजेला कळेल असे बोलणे हे राज्याचे कर्तव्य, हा त्यामागील भाव. जो प्रजेच्या देहाला हात लावू पाहतो, त्याचे कर्तव्य याहून कमी कसे असेल?