‘छान झालं’ म्हणू नका

बसा खाली. घरी मी फोन करून सांगितलंय, तेव्हा एसटीच्या वेळेकडे बघू नका. तुमच्या गटातल्या मुलाला मुद्दाम बाहेर थांबवलंय. त्याला काय सांगायचं ते मी वेगळं सांगेन. हे तुम्हा चौघींसाठी आहे.

‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेची तालीम म्हणून आज मी जे पाहिलं, त्याचा मला संताप आला. काम वाईट असतं तर एवढा आला नसता. पपईच्या पानांचे फोटो काढायला डोंगरपायथ्याच्या शेतांतून उन्हातान्हात कोण हिंडलं? तुम्ही. पानावर मोझॅक आहे की कोळी लागलाय, हे बांधावर उभं राहून शेतकऱ्याला विचारून वहीत कोणी टिपलं? तुम्ही. एकेका फोटोला नाव दिलंत तुम्ही, फोटोवरून रोग ओळखणारा प्रोग्रॅम लिहिलात तुम्ही. आणि बोलायला पुढे कोणाला केलंत? ज्याने पोस्टरचे रंग निवडले, त्याला. “मॅडम, त्याला बोलता चांगलं येतं.” हे कारण मला पुन्हा ऐकायचं नाही. बोलून बोलूनच बोलता येतं. त्याला लहानपणापासून कोणी गप्प बस म्हटलं नाही, एवढाच फरक आहे.

मी त्याला काय विचारलं? एकाच झाडाचे फोटो शिकवायच्या संचातही आहेत आणि तपासायच्या संचातही, असं तर झालं नाही ना? तसं झालं असेल तर तुमचा प्रोग्रॅम रोग ओळखतच नाही, आधी पाहिलेलं झाड ओळखतो. आलेला आकडा कितीही मोठा असो, तो फुटलेल्या पेपरातले मार्क आहेत. तो गडबडला, काहीतरी बोलत राहिला. आणि तू, खिडकीजवळची, तू मान खाली घातलीस. तुझी वही मी नंतर उघडून पाहिली. तारीख टाकून लिहिलंयस: एकाच झाडाचे फोटो दोन्हीकडे गेलेत, झाडं वेगळी करायला हवीत. म्हणजे तुला माहीत होतं! चूक अचूक पकडली होतीस आणि मूग गिळून बसलीस. का, तर ती वाटणी जिने केली ती तुझी जिवाभावाची मैत्रीण, तिला वाईट वाटेल.

मग मी विचारलं, शेजारच्या उसात मारलेलं टू-फोर-डी तणनाशक वाऱ्याने पपईवर आलं तरी पान रोगासारखंच, दोरीसारखं अरुंद होतं, ते तुमचा प्रोग्रॅम वेगळं काढतो का? आता तू, पपईवाली. तुझ्या घरी पपई आहे ना गं? वडील दर हंगामात यावरून शेजाऱ्याशी भांडतात, हे तूच मला सांगितलंयस. जळगावच्या परीक्षकालाही सुचणार नाही असं उत्तर तुझ्याजवळ होतं. तू ओढणीचं टोक पिळत बसलीस. आणि तालीम संपल्यावर वऱ्हांड्यात सगळ्या मिळून त्याला काय म्हणालात? “छान झालं.” ते छान झालं नव्हतं, आणि तुम्हाला चौघींना ते ठाऊक होतं.

आता त्याहून वाईट गोष्ट. तुमच्यातली एकच धीर करून मधल्या भागाला उभी राहिली. ‘व्हॅलिडेशन’ म्हणताना तिची जीभ अडखळली, तर मागच्या बाकावर दोघी तोंडावर हात धरून हसलात. तिच्या घरी पावरी बोलतात. मराठी ती शाळेत शिकली, इंग्रजी त्याच्याही नंतर. तिसऱ्या भाषेत ती संगणकशास्त्र बोलत होती, आणि हसणाऱ्या दोघींपैकी एकीनेही उभं राहायची हिंमत केली नव्हती. पावरी ज्या भिलीत मोजतात, ती भिली बोलणारे २०११च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त भरले. २०२५ मध्ये केंद्र सरकारने आदिवासी भाषांसाठी ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं साधन काढलं, त्यात पहिल्या टप्प्यातच भिली घेतली. ते यंत्र चुकलं तर चूक दाखवणार कोण? जिला घरची बोलीही येते आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो, ती. अशी मुलगी तुमच्या बाकावर बसते आणि तुम्ही तिला हसता?

मला एका जुन्या गोष्टीची आठवण झाली, ती नीट ऐका. फेब्रुवारी १९४६, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. एनियाक नावाचा खोलीभर पसरलेला संगणक जगाला दाखवायचा होता. तोफगोळा कोणत्या वाटेने जाईल, हे हाताने काढायला तीस-चाळीस तास लागत. ते गणित या यंत्रावर बसवलं दोघींनी, बेट्टी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज यांनी. आदल्या संध्याकाळपर्यंत एक चूक सापडत नव्हती. गोळा जमिनीवर पडला तरी यंत्र पुढे मोजतच राही. बेट्टीला रात्री त्याचं उत्तर सुचलं. सकाळी येऊन तिने एक कळ बदलली आणि गणित जागेवर थांबलं. खेळ उत्तम झाला. रात्री मोठी मेजवानी झाली, तिचं बोलावणं या बायकांना नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या फोटोंत यंत्राजवळ उभ्या असलेल्या या बायका कोण असं विचारलं, तेव्हा तिला सांगितलं गेलं की शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल असतील. तिचा विश्वास बसला नाही. तिने त्यांना शोधून काढलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून आज मला त्यांची नावं तुम्हाला सांगता येतात.

त्यांना मागे ठेवलं ते दुसऱ्यांनी. तुम्हाला आज कोणी मागे ठेवलं? माझ्या लॅबमध्ये, माझ्यासमोर, तुम्ही आपणहून मागे सरकलात.

आणखी एक गोष्ट त्या दोघींची. एकमेकींच्या कामातल्या चुका त्या हुडकत आणि चूक सापडली तर राग धरत नसत. जीनने हे पुढे स्वतः सांगितलंय. ही मैत्री! तुमच्या मैत्रीत वाढदिवसाचा केक आहे, एकीची हजेरी दुसरीने लावणं आहे, पण “तुझी वाटणी चुकली आहे, चल बसून दुरुस्त करू” एवढं वाक्य नाही. त्या एका वाक्याने तुमचं महिन्याचं काम वाचलं असतं. खिडकीजवळची, परीक्षकासमोर मैत्रिणीचं हसं होऊ नये असं तुला वाटत होतं, तर इथे, चार भिंतींत तिला सांगायला हवं होतंस.

आणि पुढे सरकणाऱ्या बायका आपल्याकडेही होत्या. शास्त्रज्ञ कमलाबाई सोहोनींना १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मुलगी म्हणून आधी नाकारलं, मग अटी घालून घेतलं. त्यांनी त्या अटींतही काम करून दाखवलं, म्हणून मागून येणाऱ्या मुलींना तिथलं दार उघडलं. संगणकाच्या क्षेत्रात अनिता बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी १९९४ मध्ये बायकांची मोठी परिषद सुरू केली, जुन्या पिढीतल्या संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांच्या नावाने. तिथे बायका आपलं संशोधन मांडतात, नोकरीच्या खाचाखोचा एकमेकींना सांगतात, नव्या मुलींना ओळखी करून देतात. २०१० पासून ती भारतातही भरते. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेची स्त्रियांची शाखा परिषदेला जायला विद्यार्थिनींना शिष्यवृत्ती देते. “आम्ही म्हसावदच्या, आम्हाला कोण घेणार” हे रडगाणं माझ्याकडे आणू नका. मागायला गेलात का कधी? अर्जात काय लिहिणार? “काम केलं, पण मांडलं दुसऱ्याने”?

आपल्या जिल्ह्यातलं टेंभली तुम्हाला माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१० ला देशातला पहिला आधार क्रमांक तिथे रंजना सोनवणे यांना दिला. एवढ्या अवाढव्य माहितीसाठ्यातलं पहिलं नाव आपल्याकडच्या बाईचं आहे. नोंद व्हायला आपल्याला बोलावणं आलं, आपण गेलो. असा साठा बांधायचा कसा, त्यात चूक कुठे राहते, गरिबाचं काम कुठे अडतं, हे सांगायला आपल्यातली कोणी उभी राहिलेली मला बघायची आहे. माझ्या नोकरीची थोडी वर्षं उरलीत, मला घाई आहे. म्हणून मी तुमच्यावर ओरडते.

डोळे पुसा. रडून मला काही मिळणार नाही.

सोमवारी साडेसातला लॅब उघडेन. त्याआधी झाडांप्रमाणे फोटो वेगळे करा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. आकडा खाली येईल. येऊ द्या, पोस्टरवर तोच छापायचा, आणि आधी काय चुकलं होतं तेही छापायचं. चूक जिने पकडली तिचं नाव त्या ओळीत असेल, आणि ती ओळ वाटणी करणारीच वाचून दाखवेल. पपईवाली टू-फोर-डीची पानं घेऊन येईल, वडिलांना विचारून, कोणत्या शेतातली ते लिहून. सुरुवात आज जिला हसलात ती करेल. पहिल्यांदा मराठीत, इंग्रजीचं मंगळवारी बघू. ती अडखळली तर थांबायचं, शब्द पुरवायचा नाही, हसायचं तर मुळीच नाही. तिचं झालं की तुम्ही तिघींनी प्रत्येकी तीन प्रश्न विचारायचे, आणि ते अवघड पाहिजेत. सोपा प्रश्न विचारलात तर मी तो धरणार नाही.

त्या मुलाला आत बोलवा. मागच्या बाकावर बसून तोही ऐकेल.