अरण्याची नीति

गेल्या दिवाळींत रोह्यास एका स्नेह्यांकडे मुलांनीं केलेला किल्ला आम्हीं पाहिला. मातीचे बुरूज, त्यांवर रंगविलेले मातीचे मावळे, आणि पायथ्याशीं अळीव पेरून उगवलेलें बोटभर उंचीचें रान. दोघां भावंडांची लढाई चालू होती. मोठ्यानें आपली फौज अंगणांत रांगा धरून उभी केली होती. धाकटीनें आपले दहाबारा मावळे त्या रानांत दडविले, आणि दादाची फौज वाटेंत शिरतांच तिला पुढून-मागून अडविलें. ‘ही लबाडी आहे, समोर येऊन लढ!’ दादा गरजला. ‘माझे एवढेसे तर आहेत, समोर कशाला येऊं?’ असें धाकटीचें उत्तर. निवाडा आमच्याकडे आला, आणि तीस वर्षें महाविद्यालयांत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस तो चटकन् देतां येईना.

प्रश्न जुनाच आहे. आडून आलेल्या बाणानें घायाळ झालेल्या वालीनें रामास हेंच विचारलें होतें. त्यावर रामाचें सविस्तर उत्तर रामायणांत आहे. तरी भाविक वाचकाचेंही मन तेथें क्षणभर अडखळतें. आम्हांस वाटतें, राम आड उभा होता हें त्याचें कारण नव्हे. वाली दुसऱ्याशीं झुंजण्यांत गुंतलेला होता, हें तें कारण. दोष झाडाचा नाहीं.

रोहा तालुक्यांतील नागोठण्यावरून जाऊन पेणच्या बाजूस धरमतरच्या खाडीला मिळणारी अंबा नदी जेथें सह्याद्रींतून उतरते, तेथें उंबरखिंड आहे. शाइस्तेखानानें पाठविलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याचा घाट उतरून कोंकणांत येत असतां २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं त्यास येथें गांठलें. दाट रानांतल्या अरुंद वाटेवर मोठ्या फौजेची एक लांब दोरी होते. घोड्यांस दौड नाहीं, पुढच्यास मागच्याची वार्ता नाहीं, पाण्याचा ठाव नाहीं. संख्या हें जें मैदानांतलें बळ, तेंच येथें ओझें झालें. परंतु ही किमया रानाची नव्हे, परिचयाची. तेंच रान एकास वैरी झालें आणि दुसऱ्यास घर.

मग मैदानांत येण्याचा आग्रह कोण धरतो? बहुधा ज्याची फौज मोठी तोच. आपल्या सोयीचा नियम त्यानें धर्म म्हणून सांगावा, आणि परक्या मुलखांत चालून येऊन तेथल्यांस लढण्याची रीत शिकवावी, हें आम्हांस मान्य नाहीं. तथापि दुबळेपणा ही कांहीं सरसकट सनद नव्हे. स्वतःस दुबळे म्हणवून घेणारे बलवानही जगांत पुष्कळ आढळतात. म्हणून कसोटी दुसरीकडे शोधली पाहिजे. शत्रु हातीं सांपडल्यावर दडणारा काय करतो, ही ती कसोटी.

उंबरखिंडींत कोंडी झाल्यावर रायबागन हिनें खानास शरण जाण्याचा सल्ला दिला. त्यानें तो मानला, खंडणी कबूल केली, आणि महाराजांनीं त्यास वाट मोकळी करून दिली. यांत हिशेब नव्हता असें नाहीं. पण हिशेबानें वांचलेला जीवही वांचलेलाच असतो. इ. स. ९ मध्यें जर्मनीच्या अरण्यांत आर्मिनियसनें रोमच्या तीन पलटणी अशाच कोंडींत धरल्या. त्या वेळीं पकडलेल्या सरदारांस रानांतल्या वेदींवर बळी दिल्याचें टॅसिटस लिहितो. डाव एकच, भूमि राखण्याचा हेतूही एकच. पण पहिली कथा सांगतांना मान ताठ होते, दुसरी सांगतांना जीभ जड होते. रान दोघांसही सारखाच आडोसा देतें. दयेचा विचार मात्र माणसासच करावा लागतो.

आम्हीं निकाल धाकटीच्या बाजूनें दिला, पण एक अट घातली: दादाच्या फौजेस शस्त्रें ठेवून परत जाऊं द्यावें. दादास निकाल रुचला नाहीं, धाकटीस अट रुचली नाहीं. उभयतां नाराज झाले म्हणजे न्याय बरोबर झाला, असें म्हणतात. आम्हांस तेवढी खात्री नाहीं. परंतु निघतांना वळून पाहिलें, तेव्हां अळिवाच्या रानांतून एक चिंचोळी वाट कोणीतरी बोटानें मोकळी केलेली दिसली.