चूक त्याची, गाडी मला, पण किती दिवस?



आपल्या बडोदे केंद्रातल्या कितीतरी घरांतली मुलं आता इंग्लंडला आहेत, म्हणून हा विषय घेते. तिकडे दुसऱ्याच्या चुकीने आपली गाडी ठोकली गेली, की ती दुरुस्त होईपर्यंत दुसरी गाडी देणाऱ्या कंपन्या आहेत. "चूक तुमची नाही ना? मग खिशातून काही जाणार नाही, इथे सही करा." याला क्रेडिट हायर म्हणतात. एका ताईंच्या मुलाने अशी सही केली. ताई म्हणाल्या, "हक्काचंच आहे, त्यात विचार कसला?"

मला वाटतं, विचार आहे. क्रेडिट म्हणजे उधार. भाडं आपल्याच नावावर चढत असतं. कंपनी ते चूक करणाऱ्याच्या विमा कंपनीकडून वसूल करू बघते, पण करार आपला, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर दावाही आपल्याच नावाने. दर साध्या भाड्यापेक्षा बराच चढा असतो, कारण उधारीची आणि दावा चालवण्याची किंमत त्यातच धरलेली असते.

गंमत म्हणजे, आपण सत्संगात ज्या 'गरज' शब्दाबद्दल इतकं बोलतो, तिथलं कोर्टही त्याच शब्दापाशी येऊन थांबतं. तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्स. १९९३ च्या जाइल्स खटल्यात त्यांनी सांगितलं, की गाडी बंद पडली एवढ्याने बदली गाडीची गरज आपोआप सिद्ध होत नाही. २००० च्या डायमंड खटल्यात म्हटलं, की बाजारात साध्या भाड्याने जेवढे पडले असते तेवढेच मागता येतील, उधारीच्या सोयीचे जादा पैसे नाहीत. मग २००३ मध्ये लॅग्डन नावाच्या गृहस्थांचा खटला आला. त्यांच्याकडे आगाऊ भाडं भरायला पैसेच नव्हते, उधारीशिवाय इलाज नव्हता. त्यांना पूर्ण रक्कम मिळाली. पाचांपैकी दोन न्यायाधीश विरोधात होते, म्हणजे प्रश्न सोपा नव्हताच. मला स्वतःला हा निकाल फार आवडतो. एकाच गाडीसाठी गरिबाला जास्त आणि सधनाला कमी, हे वरवर विषम दिसतं. पण आई तरी घरात सगळ्यांना सारखंच कुठे वाढते? ज्याला भूक जास्त, त्याच्या पानात जास्त.

ताईंच्या मुलाचं म्हणणं, "माझी चूक नसताना मी का सोसू? बसने का जाऊ?" बरोबर आहे त्याचं. नुकसान निमूटपणे गिळणं म्हणजे वैराग्य, असं मला मुळीच वाटत नाही. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचंय, नोकरी लांब आहे, तर गाडी जरूर घ्यावी. पण त्याच्या दारात दुसरी गाडी उभी होती आणि सूनबाई घरूनच काम करते. तरी मोठी गाडी घेतली, ती का, तर पैसे 'समोरचा' देणार म्हणून! हा 'समोरचा' कोण? तिथल्या स्पर्धा-नियामकाने मोटार विम्याची चौकशी करून २०१४ साली अहवाल दिला. त्यात हेच दुखणं दाखवलंय, की गाडी आणि दर ठरवणारा वेगळा, बिल भरणारा वेगळा, म्हणून खर्च फुगतो आणि शेवटी सगळ्यांचेच हप्ते वाढतात. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या नर्सचासुद्धा.

आणखी एक. दाव्याच्या कागदाखाली 'हे खरं आहे' अशी सही असते. "मला परवडत नव्हतं" म्हटलं, की बँकेची स्टेटमेंट्स दाखवावी लागतात. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कोर्टाचा अवमान होऊ शकतो, तुरुंगापर्यंत गोष्ट जाते. कंपनीचा माणूस म्हणतो, "सगळे असंच लिहितात." लिहीत असतील. सही मात्र आपली.

मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलाल तेव्हा एवढं सांगा: आधी स्वतःच्या विमा कंपनीला विचार, पॉलिसीत बदली गाडी आहे का. करारात बघ, दावा फसला तर भाडं कुणी भरायचं, आणि त्यासाठी वेगळा विमा दिलाय का. रोजचा दर लिहून घे. लहान गाडीने भागत असेल तर लहान माग. आणि गॅरेजमधून फोन आला की त्याच दिवशी गाडी परत कर, शनिवार-रविवार फिरायला म्हणून ठेवू नकोस.

— एक सेविका, बडोदे केंद्र