त्यागाची किंमत कोण देतं?

भाचा हैदराबादेत चांगल्या पगारावर आहे. ती नोकरी सोडून भालकीकडच्या खेड्यांत पाळक म्हणून राहायचं त्याच्या मनात आहे. आत्या शाळेतून निवृत्त झालेली, बीदरच्या मंगलपेठेत राहणारी.

भाचा : दोन धन्यांची चाकरी होत नाही, हे संडे स्कूलला तूच शिकवलंस, आत्या.

आत्या : शिकवलं. पण लगेच पुढं प्रभू काय म्हणतो? उद्या काय खाऊ, काय नेसू, याची चिंता करू नका. ऐकणारे गालीलातले कोळी आणि मजूर. त्यांच्याकडं धन नव्हतं, तरी चिंतेच्या रूपानं तेच त्यांच्यावर राज्य करत होतं. पगार सोडून तू रोज दानपेटीकडं डोळे लावून बसलास, तर धनी बदलला कुठं?

भाचा : नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. ते दानपेटीकडं बघत बसले नाहीत.

आत्या : टिळकांचं नाव घेतोस तर लक्ष्मीबाईंचंही घे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न विचारता. ती पाच वर्षांनी आली, स्वतःच्या विचारानं आली. तिचं ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाच. टिळकांचा हात सढळ होता आणि त्याची झळ चुलीला बसत होती.

बीदरमध्ये हे बोलणं चाललेलं असताना मला दामाजीपंत आठवतात. दुष्काळात त्यांनी मंगळवेढ्याची सरकारी कोठारं भुकेल्यांना खुली केली आणि विठ्ठल महाराच्या रूपात इथल्या सुलतानाच्या दरबारी येऊन पैसे भरून गेला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत त्यागाचा हिशेब देव चुकता करतो. घरात तो बहुतेक वेळा आई चुकवते, बायको चुकवते.

भाचा : मग श्रीमंत तरुणाला सगळं विकून गोरगरिबांना दे, असं का सांगितलं?

आत्या : त्याची मालमत्ता त्याची होती. तुझा पगार एकट्याचा आहे का? तुझा आजा दुसऱ्याच्या शेतात राबला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींत धरलं नाही. पुढं १९५६ साली शिखांना घेतलं, १९९० साली बौद्धांना घेतलं. आपण अजून बाहेरच. प्रभूचं नाव सोडलं असतं तर सवलती मिळाल्या असत्या. आज्यानं सोडलं नाही. धनापेक्षा देव निवडणं या घरात तुझ्यापासून सुरू होत नाही, बाळा.

भाचा गप्प.

आत्या : आणि आईबापाचा वाटा देवाला वाहिला म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभू किती कडक बोलला, ते मार्काच्या सातव्या अध्यायात आहे.

भाचा : आधी बापाला पुरून येतो म्हणणाऱ्यालाही त्यानं थांबू दिलं नाही. तेही शास्त्रातच आहे. आज घराचं कर्ज, उद्या बहिणीचं लग्न, मग माझी मुलं. असं करत मी कधी जाणार?

यावर आत्याजवळ उत्तर नव्हतं. मला वाटतं, ते कुणाजवळच नाही. दोन्ही वचनं खरी आहेत. एक कर्तव्याच्या आड लपणाऱ्याला उठवतं, दुसरं देवाच्या आड लपणाऱ्याला. आपण कुठल्या आडोशाला उभे आहोत, हे ज्याचं त्यालाच कळतं, आणि तेही उशिरा.

आत्या : आईशी बोललास?

भाचा : नाही अजून.

आत्या : देवाशी बोललास, माझ्याशी बोललास. कर्जाच्या कागदावर सही तिचीही आहे. राजीनामा देण्याआधी तिला विचार.

भाचा : आणि ती रडली तर?

आत्या : रडू दे. पण तुझ्यासमोर रडू दे, तू गेल्यावर नको.