काय पुसायचं, काय ठेवायचं

नेवाशाच्या घरात आजोबांची इशापूरची .३१५ रायफल आहे. परवाना आता वडिलांच्या नावावर. तिचा लाकडी दस्ता नीट करायला घेतला आणि सुतारकामातून नीतीचा प्रश्न निघाला: जुन्या वस्तूवरचं काय पुसायचा हक्क आपल्याला आहे?

थोडं उत्तर लाकूडच देतं. आपटून पडलेल्या खळग्यात तंतू नुसते दबलेले असतात. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने फुगून वर येतात. ओरखड्यात मात्र तंतू तुटलेले असतात. तो घालवायचा तर आजूबाजूचं चांगलं लाकूडही घासून टाकावं लागतं. पहिली दुरुस्ती, दुसरी वजाबाकी.

सगळं नव्याने लिहून काढायचा मोह प्रोग्रामरला ओळखीचा असतो. पण याच गावात १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आडवी येते. तिच्या प्रतींत पुढे अपपाठ शिरले. एकनाथांनी १५८४ मध्ये पाठ शुद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. नंतरची भर काढली, स्वतःची घातली नाही.

मी तोच नियम धरला. काळवंडलेलं व्हार्निश उतरवलं, खळगे वाफेने उठवले, जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. आजोबांच्या गालाने गुळगुळीत झालेली जागा आणि ओरखडे तसेच ठेवले.

कुणी म्हणेल, हत्याराबद्दल एवढा हळवेपणा कशाला? मला उलट वाटतं. ओरखडे गेले की रायफल शोभेची वस्तू होते, आणि ती जीव घेण्यासाठी बनली होती हे विसरणं सोपं जातं.